तुलनेचं रक्त

माझ्या नणंदेला हॉस्पिटलात सगळे पाठीमागे 'तुरटी' म्हणायचे. हे मला लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात कळलं, आणि त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. मी त्यांना वन्सं म्हणते, अहो-जाहो करते, पण तो मान वयाचा. बाकी वीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर आम्ही एकदा सलग अकरा दिवस भांडलो. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, अशा वेळी वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचा.

वन्संनी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याची काय गत होते ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायच्या. सकाळी उठल्यापासून माझ्यावर नजर. दूध उतू गेलं की आतून आवाज यायचा, "गेलं ना? जाणारच." मी भांडं आपटायची. मग त्या बाहेर यायच्या, मी काहीतरी बोलायची, त्या त्याच्या दुप्पट बोलायच्या, आणि तशाच तणतणत कामाला जायच्या. त्या गेल्यावर भिंतीसुद्धा सुटकेचा श्वास टाकतात असं मला वाटायचं.

काम काय, तर रक्त कसं गोठतं ते बघण्याचं. हॉस्पिटलाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं एक यंत्र होतं. रक्त गरगर फिरवून वरचं पिवळसर, गढूळ पाणी वेगळं काढायचं. तो गढूळपणा म्हणजे प्लेटलेट, आपल्या रक्तातले बारीक कण. कुठे कापलं की हेच कण तिथे जाऊन चिकटतात, एकमेकांनाही धरतात आणि भोक बुजवतात. यंत्रात त्या पाण्यातून उजेड सोडायचा आणि औषधाचा थेंब टाकायचा. प्लेटलेट गोळा झाल्या की पाणी निवळतं, उजेड पलीकडे पोचतो आणि कागदावरची रेष चढते. नाही चिकटल्या तर रेष जमिनीवर सरपटत राहते.

थेंब टाकायच्या चार बाटल्या होत्या. त्यातली रिस्टोसेटिनची त्यांची लाडकी. माणसांपैकी कुणाचं कधी कौतुक केलं नाही, पण या बाटलीबद्दल त्या जेवताना बोलायच्या. हे मुळात जंतू मारायचं औषध होतं. लोकांना टोचलं, तर जंतू मेले ते मेले, पण अंगातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायला लागल्या. मग बाजारातून हाकललं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की रक्तात प्लेटलेट चिकटवणारा जो एक घटक असतो, तो कमी असेल तर हे औषध टाकूनही त्या चिकटत नाहीत. झालं, हाकललेलं औषध तपासणीच्या कामाला लागलं.

"ज्या खोडीपायी हाकललं तीच कामाला आली," वन्सं म्हणायच्या. "आपल्याकडे काहीजणांची खोड कुठेच कामाला येत नाही." हे बोलताना त्या माझ्या ताटाकडे बघायच्या.

आता या तपासणीची एक रीत आहे, आणि पुढचं सगळं त्या रीतीवरून घडलं. औषधाची प्रत्येक बाटली थोडी वेगळी निघते, जुनी झाली की तिचा जोर उतरतो. म्हणून आजाऱ्याच्या रक्ताशेजारी एका धडधाकट माणसाचं ताजं रक्त लावतात. त्याला त्या 'तुलनेचं रक्त' म्हणायच्या. धडधाकट माणसाची रेष जशी चढते, तशी आजाऱ्याची चढली तर ठीक. पण त्या धडधाकट माणसाने दहा दिवसांत डोकेदुखीची साधी गोळीही घेतलेली चालत नाही, प्लेटलेट मंदावतात. त्यांच्या हाताखालच्या सगळ्या बायका कंबर दुखली की गोळी, ताप आला की गोळी. मग वन्संनी ठरवलं, रक्त आपलंच. दर मंगळवारी तपासणीचा दिवस. दर मंगळवारी त्या स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून स्वतःचं रक्त काढायच्या.

त्यासाठी त्यांनी सहा वर्षं एक गोळी घेतली नाही. डोकं ठणकायचं तेव्हा ओली पट्टी बांधून अंधारात पडून राहायच्या. दाढ काढली तेव्हासुद्धा नाही. मी म्हटलं, घ्या हो एक, कुणी बघत नाही. तर म्हणाल्या, "मी बघते ना." त्यांचा हा ताठा मला तेव्हा शुद्ध मिजास वाटायचा. अजूनही वाटतं, थोडी मिजास होतीच.

आणि आमच्या घरात तुरटीचे तीन खडे होते. एक नवऱ्याच्या दाढीच्या सामानात, कारण त्याला जरा कापलं की अर्धा तास गळ्याशी कापूस धरून बसायचा. एक स्वयंपाकघरात, विळीमागे. एक वन्संच्या पर्समध्ये. माझ्या माहेरी तुरटी नव्हती. सासरी होती, तर मला वाटलं, असते एकेका घराची पद्धत. वन्सं महिन्याचे आठ-नऊ दिवस पांढऱ्याफटक दिसायच्या, त्यावर त्यांच्या आईनेच त्यांना सांगून ठेवलेलं होतं, की बायकांचं असंच असतं.

आमची मुलगी पंधराची झाली आणि तिचंही तसंच सुरू झालं. शिवाय नाकातून रक्त यायचं. शाळेचे दोन सदरे मी फेकून दिले. त्यात घशाच्या गाठी सुजायच्या, दर महिन्याला ताप. घशाच्या सर्जनने गाठी काढायचं ठरवलं. पण नाकाचं ऐकल्यावर म्हणाला, आधी रक्त गोठण्याची तपासणी करून आणा. घशात टाके घालून रक्त थांबवायला जागा नसते. एकदा वाहायला लागलं तर मुलगी तेच गिळत राहते, बाहेर कळतसुद्धा नाही.

तपासणी अर्थातच वन्संकडे. मंगळवारी त्यांनी भाचीचं रक्त काढलं, शेजारी आपलं लावलं. संध्याकाळी कागद माझ्यापुढे टाकला. दोन रेषा, दोन्ही बरोबरीने चढलेल्या.

"काही नाही झालेलं तिला. तुझं आपलं उगाच. शुक्रवारी गाठी काढून टाका."

गुरुवारी सकाळी मुलीची चादर पुन्हा भिजलेली. मी ती मोरीत नेऊन घासत होते. दुसऱ्या दिवशी आठला तिला दाखल करायचं होतं, आणि मागे दारात वन्सं उभ्या.

"कागद दाखवला तरी तोंड सुतकी. तुझ्या माहेरचेच सगळे नाजूक. तिला शिकवलंयस तू, जरा लाल दिसलं की आडवं पडायचं."

माझं डोकं फिरलं. ओली चादर मी त्यांच्या पायाशी आपटली. "माझं माहेर काढू नका! तुमची दाढ काढली तेव्हा सहा दिवस कोण रक्त थुंकत होतं? सहा दिवस! तुरटीचा खडा तोंडात धरून बसला होतात. उशीचे अभ्रे कुणी धुतले? मी! माझ्या माहेरी दाढ काढली की लोक दुपारी जेवतात!"

मी पुढच्या तडाख्याची वाट बघत होते. तो आलाच नाही. वन्संचा चेहरा असा झाला की मला वाटलं, पडतात आता. त्यांनी चौकटीला हात लावला. चादरीकडे बघितलं, मग दाढीच्या आरशाखालच्या खड्याकडे.

"सहा दिवस," त्या म्हणाल्या. "नक्की?"

"मोजून."

"तू गेल्या दहा दिवसांत गोळी कुठली घेतलीस?"

"कसली गोळी?"

"कसलीही! डोक्याची, कमरेची, तापाची. घेतलीस का नाही ते सांग."

"नाही."

"साडी बदल. पोरीला उठव. आणि आता एक अक्षर बोलू नकोस."

जिन्याखालच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. इतकी नीटनेटकी की मला आणखीच राग आला. वन्संनी आम्हा दोघींना बाकावर बसवलं, स्वतः समोरच्या स्टुलावर बसल्या आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं गप्प बसायचं. माणूस चिडला की अंगात जे सुटतं त्याने तो चिकटवणारा घटक वर चढतो, मग रक्त आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी दर मंगळवारी तुझ्याशी भांडून यायची आणि लगेच रक्त काढायची. आता गप्प."

वीस मिनिटं. आमच्या वीस वर्षांतली सगळ्यात लांब शांतता. मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती, बिचारीला वाटलं कुणीतरी वारलं.

मग तिघींचं रक्त काढलं. माझं तुलनेचं. यंत्रात तीन नळ्या, प्रत्येकीत रिस्टोसेटिनचा ठरलेला थेंब. माझी रेष अशी सरळ वर गेली की मलाच संकोच वाटला. मुलीची खाली सरपटत राहिली. आणि तिच्या जोडीने, अगदी तशीच, वन्संची.

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली. "मला वाटायचं बाटलीचा जोर उतरला," त्या म्हणाल्या. "माझी रेष नीट चढली नाही की मी म्हणायची, औषध जुनं झालं. थोडं जास्त टाकायची. माझी चढेपर्यंत टाकायची. माझ्यात काही खोट असेल असं…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. यंत्रात खोट असेल, औषधात असेल, भावाच्या बायकोत तर असतेच. स्वतःत असेल हे या बाईच्या मनात सहा वर्षांत आलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, की माझी पोर उद्या टेबलावर चढली असती! मी ओरडलेच. त्या खाली मान घालून नळ्या पुसत राहिल्या.

मग त्यांनी सर्जनला फोन लावला. त्याचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. वेळ ठरली आहे, खोली ठरली आहे, हा काय पोरखेळ लावलाय? "बाई, रिपोर्ट तुमचाच आहे. सही तुमची."

"सही माझी आहे म्हणूनच सांगते. चुकीचा आहे. माझ्या पोरीला हात लावायचा नाही."

माझ्या पोरीला, म्हणाल्या. एरवी मी तिथल्या तिथे पाणउतारा केला असता.

मुलीच्या गाठी पुढे दीड महिन्याने काढल्या. आधी तो घटक शिरेतून दिला, नंतरही दिला, आणि ती दुसऱ्या दिवशी घसा धरून आईस्क्रीम मागत होती. गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची तीच इच्छा होती. त्या म्हणाल्या, मुलगी वाचली ना? इथून पुढे तुलनेला दुसरं रक्त घ्या. मागचं उकरून हॉस्पिटलाची अब्रू कशाला घालवता? तुमचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलंय.

वन्सं घरी आल्या आणि त्यांनी सहा वर्षांच्या मंगळवारांच्या वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. ज्यांची रेष त्यांच्या रेषेइतकी चढली म्हणून त्यांनी 'दोष नाही' असं लिहिलं होतं, अशी एकसष्ट माणसं निघाली. एकसष्ट जणांना त्यांनी स्वतः फोन केले. गोड बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते फोन ऐकण्यासारखे होते. "तुमचा रिपोर्ट चुकीचा असू शकतो. मंगळवारी या. नाही, पैसे पडणार नाहीत. चूक तुमची नाही. ऐकताय का?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना लेखी ताकीद दिली. ती त्यांनी वहीतच चिकटवून ठेवली.

आणि तुलनेला मी. दर मंगळवारी दंड पुढे करायचा. "शीर बघ कशी दडून बसते, मालकिणीसारखी," असं त्या सुरुवातीला म्हणायच्या. पण जसजशी माणसं येत गेली तसं त्यांचं बोलणं आटलं. साठजण आले. छप्पन्न ठीक निघाले, चौघांत दोष निघाला. त्या प्रत्येकाला वन्संनी समोर बसवून सांगितलं. एकाने शिव्या दिल्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्याच्या शिव्या संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.

एकसष्टावी आली नाही. शिवणकाम करणारी बाई. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आता काय तपासता?" आणि ठेवून दिला. वन्संनी नळ्यांचा डबा घेतला आणि मला म्हणाल्या, "चल." शेजारी लावायचं रक्तही त्याच वेळचं हवं होतं.

दोन जिने चढून गेलो. पुढच्याच खोलीत शिलाईयंत्र, अर्धवट सदरे, जमिनीवर चार वर्षांची एक मुलगी बटणं ओळीत लावत बसलेली. बाईने आम्हाला बसा म्हटलं नाही. वन्संनी उभ्यानेच सगळं सांगितलं. तुलनेचं रक्त म्हणजे काय, ते कुणाचं होतं, औषध जास्त कसं पडलं. एकही शब्द गाळला नाही.

बाई ऐकत होती. मग म्हणाली, "दर महिन्याला मी आडवी पडायची. सासू म्हणायची, नाटकं करते. नवरा तेच म्हणायला लागला. मी म्हटलं, मला काहीतरी झालंय, तपासा. तुमचा कागद आला, काही नाही झालेलं. सासूने तो कागद कपाटाला चिकटवला होता, माहितीये? मी कण्हले की बोट दाखवायची. मग ही झाली." तिने बटणांकडे हात केला. "रक्त थांबेना. पिशवी काढून टाकली. मी सव्वीस वर्षांची होते."

मी खाली बघितलं. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. वन्सं हलल्या नाहीत.

"मग मी खोटी नव्हते?" बाईने विचारलं.

"ते तपासल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर तो पुन्हा खोटा रिपोर्ट होईल," वन्सं म्हणाल्या. "पण माझ्या कागदाने तुम्हाला खोटं ठरवलं. तो कागद चुकीचा होता."

"लिहून द्या."

वन्संनी तिथेच, शिलाईयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. नाव, हुद्दा, तारीख. बाईने तो दोनदा वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि न बोलता बाही वर सारली.

आधी माझं रक्त काढलं, मग तिचं. सुई काढून वन्संनी तिच्या दंडावर कापूस दाबला. एरवी दोन मिनिटांत होतं. दोन मिनिटं झाली, कापूस लाल. दुसरा घेतला. पाच मिनिटं. तो उचलून बघितला, पुन्हा थेंब फुटला. तिसरा. आता यंत्राची गरज कुणालाच नव्हती, तिघींनाही ते दिसत होतं. पर्समध्ये तुरटी होती, पण त्यांनी ती काढली नाही. गुडघ्यावर बसल्या आणि त्या परक्या बाईच्या दंडावर अंगठा दाबून धरला. अकरा मिनिटं. बाई खिडकीकडे बघत होती, वन्सं तिच्या दंडाकडे. छोट्या मुलीने येऊन वन्संच्या मांडीवर एक बटण ठेवलं.

"चूक माझी," वन्सं म्हणाल्या. हळू, दंडाकडेच बघत.

"हो," बाई म्हणाली. "तुमचीच."

हे दोन शब्द वन्संच्या तोंडून ऐकायला मी वीस वर्षं टपून बसले होते. किती वेळा मनात रंगवलं होतं, की त्या म्हणतील आणि मी काय उत्तर देईन. त्या म्हणाल्या, पण मला नाही. आणि मला जराही आनंद झाला नाही. उलट त्या बाईवर मला राग आला, आणि तो राग अन्यायाचा आहे हे कळूनही तो गेला नाही.

खाली उतरताना वन्संचा हात कठड्यावर होता. इतक्या सावकाश त्या कधी उतरल्या नव्हत्या. मी त्यांच्या हातातला डबा घेतला. वाटलं, आता काहीतरी बोलतील, नरम.

"सरळ धर," त्या म्हणाल्या. "निदान बाईचं रक्त तरी नीट ने. हिसका बसला तर सगळं फुकट जाईल."

मी सरळ धरला. हॉस्पिटलापर्यंत तसाच नेला.